अंगी लागेल ते हित

बुलढाण्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. अकरावीच्या वर्गात एकदा एका उताऱ्यात 'सॅल्युटरी' हा शब्द आला. अर्थ सांगण्याआधी मुलांना अंदाज विचारायचा, ही माझी पद्धत. मोताळ्याकडून रोज एसटीने येणारा एक मुलगा मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "सर, सॅल्यूटवरून आला असंल. ज्याले सॅल्यूट करावा, असा." वर्ग हसला. मी त्याला बसायला सांगितले, फळ्यावर 'सॅल्युटरी म्हणजे हितकारक' असे लिहिले, मुलांनी ते वहीत उतरवून घेतले आणि तास पुढे सरकला.

संध्याकाळी घरी मोठा शब्दकोश उघडला, तेव्हा कळले की तो मुलगा बरोबर होता. लॅटिनमध्ये 'सालुस' म्हणजे आरोग्य, क्षेमकुशल. भेटलेल्या माणसाचे क्षेम चिंतायचे, ते 'सालुतारे'. सॅल्यूट त्यातून आला. ज्याने क्षेम साधते, ते 'सालुतारिस'. फ्रेंचच्या वाटेने त्याचे सॅल्युटरी झाले. दोन्ही शब्द एकाच आईची लेकरे. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यागेल्या मी त्याला उभे केले आणि सगळ्यांसमोर सांगितले, की काल तू चुकला नव्हतास, मी चुकलो होतो. तो खाली मान घालून हसला. मग जरा धीर करून त्याने विचारले, "मंग सर, आपल्याकडं याले काय म्हंतात? हितकारक तर पुस्तकातलं झालं. घरी काय म्हंतात?"

या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जी वही भरत गेली, तिचे हे पुस्तक झाले. वाचकाने ते हाती घेताना माझ्या डोक्यात काय होते, हे त्याला ठाऊक असावे, म्हणून प्रस्तावना थोडी लांबवतो आहे.

आधी त्या इंग्रजी शब्दाचे घर नीट पाहू. भले करणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत विशेषणांची मोठी भावकी आहे. 'बेनिफिशियल' हा त्यातला सर्वांत सैल शब्द. पाऊस, व्यायाम, करार, बुरशी, कशालाही तो लागतो. 'यूजफुल' म्हणजे कामाचे. त्याने भले होईलच असे नाही. 'होलसम' अन्नाला लागतो, आणि अन्नासारख्या निकोप गोष्टींना. 'सॅल्युब्रिअस' हा सॅल्युटरीचा सख्खा भाऊ, पण तो हवापाण्याला आणि जागेला वाहिलेला. सॅल्युटरी मात्र या सगळ्यांत वेगळा बसतो. पिकलेल्या आंब्याला कोणी सॅल्युटरी म्हणत नाही. पहिल्याच चाचणीत नापास झालेला मुलगा खडबडून अभ्यासाला लागला, तर ते नापास होणे सॅल्युटरी. धंद्यात लवकर बसलेला लहानसा फटका, मोठ्या फटक्यापासून वाचवणारा, तो सॅल्युटरी. वेळेवर मिळालेली समज, नको असताना झालेली आठवण, गर्व उतरवणारा पराभव, यांच्या मागे हा शब्द हमखास येतो. तोंडाला गोड न लागता अंगी लागते, ते सॅल्युटरी.

शब्द मुळात असा नव्हता. आधी तो शरीराच्या आरोग्यापुरता आणि धर्माच्या भाषेत आत्म्याच्या तारणापुरता होता. पुढे औषध आणि उपदेश यांच्या संगतीत तो इतका राहिला, की त्यांचा कडूपणा त्याच्या अंगात मुरला. 1775 मध्ये अमेरिकन वसाहतींशी समेट करावा म्हणून ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोलताना एडमंड बर्कने दुर्लक्षालासुद्धा हे विशेषण लावले. सरकारने वसाहतींच्या कारभारात फार नाक खुपसले नाही, म्हणून त्या भरभराटीला आल्या, असे त्याचे म्हणणे. दुर्लक्ष ही एरवी तक्रारीची गोष्ट. बर्कने तिच्यातले हित दाखवले आणि तो शब्दप्रयोग इतिहासाच्या पुस्तकांत कायमचा राहिला. आपल्याकडे हा शब्द सर्वांत जास्त भेटतो तो न्यायालयांच्या निकालपत्रांत. कायद्यातले एखादे बंधन जाचक वाटले तरी त्यामागचा हेतू लोकांच्या भल्याचा आहे, असे सांगायचे असते तेव्हा न्यायाधीश त्या तरतुदीला सॅल्युटरी म्हणतात. मराठीत आपण तिला 'हितावह तरतूद' म्हणतो, आणि तिथे ते चपखल बसते.

पण तेवढ्याने मुलाच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. त्याने विचारले होते, घरी काय म्हणतात?

मराठीकडे विशेषणांचा दुष्काळ आहे, असे मुळीच नाही. हितकर, हितकारक, हितावह, उपकारक, लाभदायक, फायदेशीर, गुणकारी, पोषक, पथ्यकर, श्रेयस्कर अशी यादी हवी तेवढी लांबवता येते. यातला प्रत्येक शब्द आपापल्या जागी खरा आहे. 'फायदेशीर' बाजारात शोभतो, 'गुणकारी' वैद्याच्या तोंडी, 'श्रेयस्कर' विचार करून निर्णय घेणाऱ्याच्या तोंडी. 'हित' हा तर फार जुना आणि भारदस्त शब्द. तो 'धा' या धातूपासून आला. ठेवलेले, नीट बसवलेले, ते हित. 'पथ्य' आला पथ म्हणजे वाटेवरून. जे वाटेला सोडून जात नाही, ते पथ्य. चरकसंहितेने आयुष्याचे प्रकार सांगताना सुखाचे आयुष्य वेगळे आणि हिताचे आयुष्य वेगळे मानले. कठोपनिषदात यमाने नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक समजावला. भले वाटणे आणि भले होणे यांची गल्लत होऊ नये, ही काळजी आपल्या विचारात हजारो वर्षांपासून आहे.

तरीही घरात, शेतात, ओट्यावर बसलेला माणूस यातली फारच थोडी विशेषणे वापरतो. तो क्रियापद वापरतो. वही भरत असताना मला उमगलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. हवा हितकारक आहे असे आपण म्हणत नाही. हवा मानवली म्हणतो. औषध परिणामकारक होते असे म्हणत नाही; गुण आला म्हणतो. खाल्लेले पौष्टिक होते असे म्हणत नाही. अंगी लागले म्हणतो. बैल, जमीन, धंदा, गाव, कधी एखादी सून किंवा जावईसुद्धा माणसाला लाभतो किंवा धार्जिणा असतो. ठरवले नसताना भले झाले, तर ते पथ्यावर पडते. संकटच उपयोगी पडले, तर ती इष्टापत्ती होते. आणि या सगळ्यांच्या उलट टोकाला 'बाधणे' उभे असते. दही कोणाला मानवते, कोणाला बाधते. दही तेच.

विशेषण वस्तूला चिकटते. गूळ गोड आहे म्हटले की गोडी गुळात राहते, खाणारा कोणीही असो. क्रियापदाला मात्र कर्ता लागतो, काळ लागतो, आणि 'मला', 'त्याला', 'आम्हाला' हेही लागते. 'मले नाई मानवत' असे आमच्याकडची म्हातारी म्हणते, तेव्हा ती वस्तूला दोष देत नाही, आपल्या आणि वस्तूच्या नात्याबद्दल बोलते. हित हे वस्तूत नसते, नात्यात असते, ही समज मराठीच्या व्याकरणातच बसलेली आहे. या पुस्तकात मला जे सांगायचे आहे ते एवढेच. पुढची पाने म्हणजे त्याचे दाखले आहेत.

हे दाखले बुलढाणा जिल्ह्यातले का, असे कोणी विचारील. मी इथला आहे, हे एक कारण. दुसरे कारण जास्त वजनाचे आहे. हित कोणासाठी आणि किती, हा प्रश्न या जिल्ह्याची जमीन आणि पाणी रोज विचारतात.

आमच्याकडे तेरा तालुके, पण लोकांच्या बोलण्यात जिल्ह्याचे भाग दोनच : घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा मुलूख अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अंगाखांद्यावर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा पूर्णेच्या खोऱ्यातला. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. वैशाखात खाली मलकापुरात जीव नकोसा होतो, तेव्हा राजूर घाट चढून वर आलेला माणूस एसटीच्या खिडकीतून पहिला गार झोत अंगावर घेतो आणि म्हणतो, "हाव, आली बुलढाण्याची हवा." सॅल्युब्रिअस शब्दाचा अर्थ मी मुलांना असाच सांगत असे. घाट चढताना शेवटच्या वळणावर तुम्हाला जे वाटते, ते. तो अर्थ मग कोणी विसरत नसे.

आता घाटाखाली उतरू. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला आणि आमचा बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून तो जातो. नदीने आणून टाकलेल्या गाळाचा थर इथे खोल आहे, माती चिकण आहे, पाण्याचा निचरा होत नाही, आणि जमिनीखालचे पाणी खारट आहे. संग्रामपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मला आपल्या विहिरीवर नेले. विहीर भरलेली होती. कोरडवाहू मुलखात वाढलेल्या माझ्यासारख्याला भरलेली विहीर दिसली की बरे वाटते, आणि मी तसे बोलूनही गेलो. त्याने बादली शेंदून ओंजळभर पाणी माझ्या हातावर ओतले. जिभेला टेकवताच तोंड वळले. तो म्हणाला, "सर, हे पाणी पिकाले देल्लं का वावर दगडावानी होते. यापरीस कोरडं बरं."

पाण्यातला सोडियम चिकण मातीत बसला की ती ओली असताना फुगून चिखल होते आणि वाळली की कडक होऊन भेगाळते. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. या पट्ट्यातल्या गावांत मूत्रपिंडाच्या विकारांचे दुखणेही पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते. पाणी म्हणजे जीवन, हे आपण डोळे मिटून म्हणतो. इथे लोक आधी विचारतात, कोणते पाणी? गोड का खारे? आभाळातून पडलेले का भुईतून काढलेले? म्हणून शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्याला इथे मोल आहे. जे विशेषण शहरात बसून पाण्याला सहज लावता येते, ते खारपाणपट्ट्यात तपासून लावावे लागते.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला लोणार आहे. उल्कापाताने काळ्या बेसाल्टच्या खडकात पडलेले हे जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचे विवर. तळाशी सरोवर, आणि त्याचे पाणी इतके अल्कधर्मी, की सामू 10 च्या वर जातो. ते पिण्याचे नाही, शेतीचे नाही. पण याच पाण्याच्या क्षारांनी शतकानुशतके लोकांची चूल पेटवली. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाडचे वर्णन करताना काच आणि साबण करायला लागणारे जिन्नस लोणारच्या परिसरात मिळतात, अशी नोंद केली आहे. क्षारांच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुसकी अशी नावे होती. पापडात चिमूटभर खार पडला तर पापड फुलतो. मूठभर पडला तर तोंडात धरवत नाही. याच पाण्यात स्पिरुलिना नावाचे सूक्ष्म शेवाळ वाढते, ज्याच्या गोळ्या पौष्टिक म्हणून दुकानात विकल्या जातात. 2020 च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले, ते मिठात सुखाने जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आपल्याला जे बाधते, ते त्यांना मानवते. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, म्हणजे न पिता येणाऱ्या पाण्याचेही मोल जगाने मान्य केले. आणि विवराच्या काठावर गोमुखातून पडणारी धार आहे, गोड्या पाण्याची. लोक तिथे स्नान करतात. ती धार उतारावरून खाली खाऱ्या सरोवराकडे जाते. उपयुक्त, हितकर आणि अपायकारक हे तीन शब्द शिकवायला याहून चांगला फळा मला सापडलेला नाही.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण मुले इथे हमखास फसतात. लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात. 'सॅलरी' आणि 'सलाइन' हे शब्द त्याच्याशी जोडलेले. आरोग्याच्या 'सालुस'शी त्याचे नाते नाही. ध्वनी सारखा, मूळ वेगळे. 'सालुस'चे खरे नातलग आपल्या घरात आहेत. अभ्यासकांनी ते मूळ शोधत नेले तेव्हा ते संस्कृत 'सर्व' शब्दाच्या मुळाशी जाऊन मिळाले. त्या मुळाचा अर्थ अखंड, पूर्ण, न फुटलेले. इंग्रजीतही 'होल' म्हणजे अखंड आणि 'हेल्थ' म्हणजे आरोग्य हे एकाच कुळातले. आणि मराठीत? 'धड' म्हणजे न मोडलेले, आणि 'धडधाकट' म्हणजे निरोगी. तीन भाषांनी तीन वाटांनी एकच गोष्ट जाणली, की जे शाबूत राखते ते हिताचे.

आता भाषांतराबद्दल थोडे, कारण हे पुस्तक विद्यार्थ्यांइतकेच भाषांतर करणाऱ्यांच्याही हाती जाईल. सॅल्युटरीला सर्वत्र 'हितकारक' लावले तर वाक्य निर्जीव होते. धडा सॅल्युटरी असेल तर मराठीत 'चांगलीच ठेच लागली' किंवा 'डोळे उघडले' म्हणावे. पुढच्यास ठेच आणि मागचा शहाणा, ही म्हण तर याच शब्दासाठी घडवल्यासारखी आहे. 'अद्दल घडली' वापरताना जपावे. अद्दलीत बोलणाऱ्याचे समाधान डोकावते, आणि सॅल्युटरीत ते नसते. उपदेश सॅल्युटरी असेल तर कान सोनाराने टोचल्याची आठवण करावी. सुई दुखते, पण टोचणारा हात जाणता असतो. औषधाचा परिणाम असेल तर 'गुण आला' पुरे. कायद्याची तरतूद असेल तर 'हितावह' ठेवावे. एका इंग्रजी शब्दाला पाच मराठी उत्तरे मिळतात, याची लाज वाटायला नको. मराठी प्रत्येक वेळी आधी विचारते, कोणाला, कशाने, कसे? आणि मग शब्द देते.

शब्दांची अशी निगराणी आमच्या भागाला नवी नाही. लीळाचरित्रात चक्रधरांच्या लोणार-मेहकरच्या वास्तव्याच्या लीळा आहेत. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलला 1908 मध्ये जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी महानुभाव साहित्यासाठी आयुष्य वेचले आणि त्याच लीळाचरित्राचे संपादन केले. सातशे वर्षांपूर्वीच्या बोलण्यातला शब्द त्यांनी पोथीतून उचलून आमच्या हाती दिला. आज बोलला जाणारा शब्द कागदावर उतरवण्याचे काम त्यामानाने सोपे आहे, आणि ते न करण्याला आपल्याकडे सबब नाही. घाटावरची वऱ्हाडी आणि मलकापूरकडची खानदेशी वळणाची बोली यांत 'मानवणे'सारख्या शब्दांच्या किती छटा आहेत, हे जे ऐकतात त्यांनाच ठाऊक. ऐकणारे कमी होत चालले आहेत. आठवडी बाजारात चार तास बसून जेवढे शब्द मिळत, तेवढे आता दोन बाजार करूनही मिळत नाहीत.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात इंग्रजी विशेषणे, त्यांची मुळे आणि वापर. दुसऱ्या भागात त्यांना जुळणारी मराठी विशेषणे आणि क्रियापदे, आणि प्रत्येकासाठी घरातले किंवा शेतातले एक वाक्य. तिसऱ्या भागात 'बाधणे' आणि त्याचे सोयरे, कारण उलट बाजू कळल्याशिवाय सुलट बाजू कळत नाही. शेवटी काही कोरी पाने सोडली आहेत. ती चुकून राहिलेली नाहीत.

गुढीपाडव्याच्या सकाळी माझी आई कडुनिंबाचा कोवळा मोहोर, गूळ, ओवा, हिंग आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ पाट्यावर वाटायची. आम्ही भावंडे आधी गुळाचा वास घेत जवळ जायचो आणि निंब दिसला की मागे सरायचो. ती प्रत्येकाच्या हातावर बोराएवढी गोळी ठेवायची आणि म्हणायची, "थुकू नोको बापू. कडू हाय म्हून सोडशीन तं वर्षभर कडूच खाशीन." वर्षाचा पहिला घास कडू घ्यायचा, तोही सणाच्या दिवशी, गोडाच्या आधी. जे सांगायला इंग्रजीला सॅल्युटरी हे विशेषण लागते, ते आमच्या आईने गोळीत वळून हातावर ठेवले होते. मोताळ्याच्या त्या मुलाला द्यायचे उत्तर माझ्याच घरी होते, आणि मी ते शब्दकोशात शोधत होतो.

ज्या ज्या माणसांनी ओट्यावर, बांधावर आणि एसटीच्या बाकावर मला शब्द दिले, त्यांची नावे इथे घातलेली नाहीत. त्यांनीच नको म्हटले. त्यांचे ऋण प्रत्येक पानावर आहे. वाचकाला एकच विनंती. शेवटची कोरी पाने भरा. तुमच्या घरी अन्न अंगी लागल्यावर काय म्हणतात, पाणी मानवले नाही तर काय म्हणतात, ठेच लागून शहाणपण आले तर काय म्हणतात, ते तुमच्या आजीला विचारून तिच्याच बोलीत लिहा. आमच्याकडे दोन माणसे रस्त्यात भेटली की आधी रामराम होतो आणि लगेच विचारणा होते, "बरं हाये ना?" समोरच्याचे क्षेम विचारल्याशिवाय बोलणे पुढे जात नाही. त्या मुलाने सांगितलेला सॅल्यूट तो हाच. माझाही तुम्हाला रामराम.

बुलढाणा
गुढीपाडवा